भिंतीवर हुबेहूब चेहरा काढायचा तर

लातूरकडच्या जुन्या भिंतींवर चुन्याचे थरावर थर असतात. ते पट्टीनं खरवडा, धुऊन वाळू द्या, मग प्रायमर मारा. लोणा लागलेली, म्हणजे ओलीनं खार फुटलेली भिंत सरळ नाकारा, पैसे कितीही मिळोत.

फोटोवर आणि भिंतीवर तितकेच चौकोन आखा, म्हणजे एकेक चौकोन बघून चेहरा उतरवता येतो. निळीची दोरी ताणून भिंतीवर सूत मारलं, म्हणजे सरळ रेघ उमटवली, की काम झटपट होतं. मी सुरुवात डोळ्यांपासूनच करतो. बुबुळातला उजेडाचा ठिपका पांढराशुभ्र नको, किंचित निळसर हवा, कारण उघड्यावरच्या माणसाच्या डोळ्यात आभाळ उमटलेलं असतं. पापणीची कड धारदार ओढली की चेहरा बाहुलीसारखा दिसतो. ती ओल्या ब्रशनं विरघळवा.

एप्रिलात आपल्याकडं अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. म्हणून पूर्वेकडं तोंड असलेली भिंत दुपारनंतर, सावली आल्यावर धरा. आणि निम्मे पैसे, लेखी परवानगी आधीच घ्या.