गावाची अर्थव्यवस्था खरंच बदलतेय का, हे घरबसल्या आणि पारावर बसून कसं तपासायचं

विकासदर 7 टक्के की 8 टक्के यावर रोज वाद चालतात, पण मला विचाराल तर त्यापेक्षा मोठा प्रश्न हा की माणसं कुठल्या कामातून कुठल्या कामात गेली आणि गेल्यावर त्यांच्या हातात जास्त पैसे पडले का. अर्थशास्त्रात याला संरचनात्मक बदल म्हणतात. अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की शेतीत गरजेपेक्षा जास्त हात असतात, ते कारखान्याकडे वळले की देश वर येतो. आपल्याकडे ते अर्धवटच झालंय, आणि हे तुम्ही स्वतः तपासू शकता.

आधी एक सोपं गणित करा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात (म्हणजे सगळ्या कामांतून तयार झालेल्या नव्या मूल्यात) शेतीचा वाटा साधारण 18 टक्के, आणि 2023-24 च्या पीएलएफएस, म्हणजे सरकारच्या रोजगाराच्या सर्वेक्षणात, काम करणाऱ्यांपैकी शेतीत असणारे 46 टक्के. 18 ला 46 ने भागा, 0.39 येतं. आता शेतीबाहेरचे 82 भागिले 54, म्हणजे 1.52. म्हणजे शेतीबाहेरचा एक माणूस शेतीतल्या माणसाच्या जवळपास चौपट मूल्य तयार करतो. शेतात वर्षभर पूर्ण काम नसतं म्हणून थोडा फरक फुगलेला दिसतो हे खरं, पण तो धरूनही दरी मोठीच आहे. हेच गणित महाराष्ट्रासाठी करायचं तर दरवर्षी बजेटच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी येते, तिच्यातून शेतीचा वाटा घ्या. मात्र दोन्ही आकडे एकाच वर्षाचे घ्या, इथे खूप जण चुकतात.

मग गावाकडे या. 2011 च्या जनगणनेत गावनिहाय शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर असे चार गट मिळतात, आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले लोक सीमांतिक म्हणून वेगळे दिलेत. आकडे जुने आहेत, पण सुरुवातीची रेघ म्हणून चालतात. त्यानंतर तीस घरं निवडा, सगळ्या आळ्यांतली, नुसती मेन रोडवरची नको.

आता प्रश्न कसा विचारायचा ते नीट बघा, कारण सगळं त्यावर आहे. "काय करता?" विचारलं की सातबारा नावावर असलेला प्रत्येक जण "शेती" म्हणतो. आमच्या गावात एका काकांनी मला तेच सांगितलं, मग मी विचारलं, काका गेल्या बारा महिन्यांत घरात पैसा कुठून कुठून आला, तर दीड एकराच्या सोयाबीनपेक्षा पोराच्या पिकअपच्या भाड्याचे जास्त निघाले. आणि काकू आतून म्हणाल्या, "मी घरीच असते," पण हातातलं खुरपं अजून धुतलेलं नव्हतं! म्हणून बायकांना वेगळं विचारा, काल सकाळपासून काय काय केलं ते. पीएलएफएसमध्ये 2018-19 नंतर शेतीतला वाटा 42.5 वरून 46 पर्यंत वर गेला, त्यात घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या बायकांचा वाटा मोठा आहे. माणसं उलटी शेतीत परत आली, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेती सोडली म्हणजे प्रगती झाली असं लगेच धरू नका. दक्षिण कोरियात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला 60 टक्क्यांहून जास्त लोक शेतीत होते, आज साधारण 5 टक्के, पण ते कापड, चपला, मग जहाजं, इलेक्ट्रॉनिक्स अशा कारखान्यांत गेले. आपल्याकडे शेतीतून निघालेले खूप जण बांधकामावर गेले, तिथे आज काम आहे उद्या नाही. म्हणून प्रत्येक नव्या कामापुढे तीन गोष्टी लिहा: दिवसाला किती पडतात, वर्षात किती दिवस काम, पीएफ कापला जातो का. शेवटच्या रकान्यात किती "हो" येतात तो तुमच्या गावाचा खरा आकडा.

अजून एक, महिना सांभाळा. बीडकडच्या गावात जानेवारीत गेलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलूप नाहीतर दारात म्हातारी माणसं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास जा, लोक परतलेले असतात, उन्हामुळे दुपारी निवांत बोलतात. आणि दोन वर्षांनी परत जाल तेव्हा तीच तीस घरं आणि तोच महिना धरा.