पंचवटीच्या सीटवर पटावरची लढाई: हातातल्या कन्सोलवर डावपेचांचे खेळ कसे खेळावेत

हातात मावणारा गेम कन्सोल घेतला की बरेच जण आधी गाड्यांच्या शर्यती आणि हाणामारीचे गेम टाकतात. ते वाईट नाहीत, पण त्यांना सलग वेळ, दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष लागतं. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसाला वेळ मिळतो तो तुकड्या-तुकड्यांत. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज ये-जा करणारे, अंबड-सातपूरच्या शिफ्टवाले, मुलाला क्लासला सोडून गंगापूर रोडवर तासभर गाडीत बसणारे पालक, अशा सगळ्यांसाठी खरा खेळ म्हणजे पाळीपाळीने खेळायचा. आधी तुमची चाल, मग शत्रूची. तुम्ही बटण दाबत नाही तोवर शत्रू जागचा हलत नाही. टीसी आला, फोन वाजला, कुणी ‘जरा सरका’ म्हणालं, तरी काही बिघडत नाही.

यात ढोबळ दोन जाती. रोल-प्लेइंग गेममध्ये एक पात्र किंवा चार-पाच जणांची टोळी घेऊन मोठी कथा पार करायची, लढून अनुभव मिळवायचा, लेव्हल वाढवायची. टॅक्टिकल गेममध्ये चौकोनांचा पट असतो आणि कोण कुठे उभा आहे यावर सगळं ठरतं. फायर एम्ब्लेमसारख्या मालिका दोन्ही एकत्र करतात.

आधी यंत्र

स्विचवाली निन्टेन्डो किंवा स्टीम डेकवाली व्हॉल्व्ह या कंपन्या आपल्याकडे ही यंत्रं अधिकृतपणे विकत नाहीत. इथे मिळतात ती आयात केलेली. म्हणजे वॉरंटी कंपनीची नसते, दुकानदाराची असते, आणि ती बिलावर लिहून घ्यायची. तोंडी ‘काही झालं तर या, बघू’ याला अर्थ नाही. सेकंड हँड घेत असाल तर दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, तपासा. हात न लावता कर्सर आपोआप सरकत असेल तर ठेवून द्या, तो स्विचचा जुना आजार आहे. सगळी बटणं दाबून बघा, चार्जर लावून टक्के वाढतात का तेही बघा.

डावपेचांच्या खेळांना फार ताकदवान यंत्र लागत नाही. मला विचाराल तर प्रवासासाठी स्विच लाइट पुरे. पडदा ५.५ इंचाचा, पण डाव्या हाताला खरा अधिक-चिन्हाचा पॅड आहे, आणि चौकोनांवर कर्सर हलवायला स्टिकपेक्षा तो कितीतरी बरा. अक्षरं बारीक वाटली तर सिस्टिम सेटिंगमध्ये झूम चालू करा. मग होम बटण दोनदा दाबलं की पडदा मोठा करून वाचता येतो. चाळिशी लागलेल्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं. घरी बसूनच खेळणार असाल तर ७ इंची ओलेड स्विच घ्या, डोळ्यांना बरं पडतं.

गाडीत बसण्याआधी

इगतपुरी सोडून गाडी कसारा घाटात उतरली की बोगद्यांत नेटवर्क जातं. म्हणून गेम आदल्या रात्रीच डाउनलोड करायचा आणि घरच्या वायफायवर एकदा उघडून बघायचा. स्टीम डेकवर तर हे हवंच: गेम एकदा चालू करा, मग ऑफलाइन मोड लावा. गेम कार्ट्रिजवर, म्हणजे स्विचमध्ये घालायच्या छोट्या कार्डावर, असेल तर ही कटकट नाही.

२०१७ चा मूळ स्विच एका चार्जवर अडीच ते साडेसहा तास चालतो, २०१९ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती साडेचार ते नऊ, लाइट तीन ते सात. टॅक्टिकल गेम, त्यातही दोन मितींतले, बॅटरी कमी खातात. नाशिकरोड ते सीएसएमटी हा साधारण चार तासांचा प्रवास ब्राइटनेस कमी ठेवला तर निघतो, परतीसाठी पॉवर बँक लागेल. इअरफोन न्या. डब्यात एकीकडे भजन, दुसरीकडे पत्ते चालू असले तरी आपल्या तलवारींचा खणखणाट कुणाला ऐकवू नये.

पहिला गेम छोटा घ्या

इथे बहुतेकांची गाडी अडते. ‘सगळ्यात भारी कोणता?’ असं विचारून लोक पर्सोना ५ रॉयल हा रोल-प्लेइंग गेम घेतात. गेम उत्तमच आहे, पण पूर्ण व्हायला शंभर तास सहज लागतात आणि सुरुवातीला खेळण्यापेक्षा वाचणंच जास्त. बारा तासांनंतर आठवड्याची सुट्टी पडली की कोण कुठला हेही आठवत नाही.

मी इन्टू द ब्रीच सुचवेन. २०१८ चा गेम, आठ बाय आठचा पट, म्हणजे बुद्धिबळाइतकाच. तुमच्याकडे तीन यंत्रमानव, समोर जमिनीतून निघालेले प्रचंड किडे. गंमत अशी की किडे पुढच्या पाळीत कुठे हल्ला करणार हे तुम्हाला आधीच दिसतं. समजा, एक किडा इमारतीकडे तोंड करून उभा आहे. त्याला मारायला पुरेशी ताकद तुमच्याकडे नाही. पण तुमच्या एका यंत्राचा ठोसा समोरच्याला एक घर मागे ढकलतो. तुम्ही बाजूने ठोसा दिलात, किडा एक घर सरकला, आणि आता त्याच्या तोंडासमोर इमारतीऐवजी दुसराच किडा आला. पाळी संपली की तो आपल्याच भावाला फोडतो. मागे पाणी असेल तर न उडणारा किडा बुडतो. मागे कुणी उभं असेल तर दोघंही आपटतात आणि दोघांनाही मार बसतो. एकेका चालीवर पाच-दहा मिनिटं विचार करायला काहीच हरकत नाही, घड्याळ लावलेलं नाही. सरकल्यावर हल्ला केला नसेल तर चाल मागे घेता येते, शिवाय प्रत्येक लढाईत एकदा सगळी पाळी पुन्हा खेळता येते.

इमारतींना मार बसला की वीज कमी होते, शून्यावर आली की खेळ संपतो. म्हणून किडे मारायचा हव्यास सोडा. इमारती वाचवा.

मग फायर एम्ब्लेम

जपानमध्ये १९९० मध्ये सुरू झालेली ही मालिका. स्विचवर २०२३ चा एन्गेज नवख्याला सोपा. सुरुवातीलाच विचारतो: क्लासिक की कॅज्युअल? क्लासिकमध्ये लढाईत पडलेला सैनिक कायमचा जातो. कॅज्युअलमध्ये पुढच्या लढाईला परत येतो. जुने खेळाडू कॅज्युअलला नाकं मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हा पर्याय मालिकेनेच २०१० पासून दिलाय. शिवाय चाल चुकली तर वेळ मागे फिरवायची सोयही एन्गेजमध्ये आहे, ती वापरा.

हल्ल्याआधी पडद्यावर आकडे येतात, ते वाचायची सवय लावा. शत्रूचा जीव १८, तुमचा एक वार ९ चा. एका वाराने मरत नाही. पण तुमच्या सैनिकाचा स्पीड त्याच्यापेक्षा ५ ने जास्त असेल तर एन्गेजमध्ये तो दोनदा वार करतो आणि हिशेब बरोबर मिटतो. स्पीड ४ ने जास्त असेल तर एकच वार, आणि मग उलट वार खायची तयारी ठेवा. शस्त्रांचंही चक्र आहे: तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. भारी शस्त्राने वार केला तर समोरच्याला त्या वेळी उलट वार करता येत नाही. म्हणजे कुऱ्हाडवाल्यावर आधी तलवारवाला सोडायचा, मागून धनुर्धाऱ्याने काम तमाम करायचं.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे पाळी संपवण्याआधी शत्रूंचा पल्ला पडद्यावर रंगवून बघणं. त्या रंगात फक्त चिलखतवाला जाडजूड गडी उभा ठेवा, बाकीचे एक घर बाहेर. शत्रू त्याच्यावर येऊन आदळतात, पुढच्या पाळीला तुम्ही टिपता. पुढे धावत जाणारा हिरो बहुतेक वेळा वैद्यिणीला उघडं पाडतो.

वार लागण्याच्या टक्क्यांबद्दल एक. ९५ टक्के म्हणजे वीसात एक वार हुकणार, आणि तो नेमका नको तिथे हुकतो. एक्सकॉम २ हा टॅक्टिकल गेम खेळलेल्यांना विचारा. प्रत्येक बेतात ‘हा हुकला तर काय?’ याचं उत्तर आधी हवं.

मोठी कथा घ्यायची तर

ड्रॅगन क्वेस्ट ११ एस, स्विचवर २०१९ चा. कारण साधं: गेम उघडताना आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो, त्यामुळे द्राक्षहंगामात पंधरा दिवस हात लावला नाही तरी धागा सुटत नाही. ट्रायअँगल स्ट्रॅटेजी या टॅक्टिकल गेमला फुकट डेमो आहे आणि त्यातली प्रगती पुढे विकत घेतलेल्या गेममध्ये चालते. म्हणजे पैसे टाकण्याआधी काही तास खेळून ठरवता येतं. यातलं काहीही मराठीत नाही, इंग्रजी वाचावं लागतं. पोरांना हात द्यायचा असेल तर पोकेमॉनपासून सुरू करा. आग गवताला जाळते, गवत पाणी पितं, पाणी आग विझवतं, एवढं कळलं की लढाई कळते.

मोठ्या गेमसोबत एक छोटी वही ठेवा. ‘पूर्वेच्या गावातला म्हातारा, गुहेची किल्ली’ एवढंच लिहिलं तरी पुढच्या सोमवारी उपयोगी पडतं. एकाच जागी फिरून लेव्हल वाढवण्याचं कंटाळवाणं काम मिसळीच्या रांगेसाठी ठेवा, महत्त्वाचे संवाद आणि मोठ्या लढाया रात्री घरी.

थांबायचं असेल तेव्हा गेम बंद करू नका, वरचं बटण एकदा दाबून कन्सोल झोपवा. पुढच्या वेळी त्याच चौकोनावर, त्याच चालीवर जाग येते. पण रोज रात्री एकदा नीट सेव्ह करा, झोपलेल्या यंत्राची बॅटरी पार उतरली तर सेव्ह न केलेली लढाई जाते.

आणि गेम मनात भरला नाही तर अर्धा सोडून कार्ट्रिज विकून टाका. स्विचवर तुमची प्रगती कार्ट्रिजमध्ये नसते, कन्सोलच्या आतल्या मेमरीत राहते. वर्षभराने मन बदललं आणि तोच गेम कुणाकडून परत घेतला, तर सोडला होता तिथूनच सुरू होतो.