सोन्याच्या खनिजात बिस्मथ शोधताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या आम्हा दगडवेड्यांपैकी अनेकांच्या कपाटात बिस्मथ या धातूचा एखादा इंद्रधनुषी, पायऱ्यापायऱ्यांचा स्फटिक असतो. पहिली गफलत तिथेच होते. तो बहुधा कुणीतरी धातू वितळवून बनवलेला असतो, आणि रंग असतात वरच्या ऑक्साइडच्या थराचे. खाणीतलं बिस्मथ दिसायला साधंच: चांदीसारखं, किंचित गुलाबी झाक असलेलं, कित्येकदा आर्सेनोपायराइटच्या (आर्सेनिक, लोखंड नि गंधकाच्या खनिजाच्या) पोटात बारीक थेंबासारखं बसलेलं.

दुसरी चूक माझीच. बिस्मथ आहे की शिसं, ते वितळवून बघावं म्हणून तुकडा चिमट्यात धरून घरच्या गॅसवर नेला. स्वयंपाकघरात लसणासारखा वास सुटला. आईला वाटलं, फोडणी करपली. तो आर्सेनिकचा विषारी धूर होता! खिडक्या उघडून सगळे बाहेर पळालो. आणि इतकं करून कळलं काय? बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ला. गॅसवर दोन्ही वितळणारच.

शिवाय जे बघायचं, तेच मी बिघडवलं. जमिनीखालचं खनिजयुक्त पाणी २७१ अंशांपेक्षा गरम असेल, तर बिस्मथ त्यात द्रवरूप थेंब होऊन राहू शकतं आणि पाण्यातलं सोनं स्वतःत ओढून घेतं. पाण्यात सोनं अगदी थोडं असलं तरी हे जमतं. म्हणून थेंबाचा आकार आणि शेजारी कोण बसलंय, हाच खरा पुरावा. ऑस्ट्रेलियातल्या मालडन गावावरून नाव पडलेलं माल्डोनाइट हे सोनं-बिस्मथचंच संयुग. थंड होताना ते मोडू शकतं, आणि सोनं नि बिस्मथ एकमेकांत गुंतून उरतात. ही गुंतवळ साध्या भिंगातून दिसायची नाही. घासून चकचकीत केलेला काप परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. काप ताजा घासलेला हवा, बिस्मथ हवेत काळवंडतं.

‘बिस्मथ आहे म्हणजे सोनं आहेच’ असं मात्र धरू नका. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या चांदी-कोबाल्टच्या शिरांत आणि बोलिव्हियाच्या कथिलाच्या खाणींतही बिस्मथ सापडतं. अलास्कातल्या फोर्ट नॉक्स या सोन्याच्या खाणीत दोघांची जोडी जमते, पण ती कळते बऱ्याच नमुन्यांत दोन्ही धातू मोजल्यावर.

आमच्या ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरात सोनेरी चमक दिसली, तरी हुरळू नका. तिथला दगड बेसाल्ट आहे, लाव्हा थिजून झालेला. तिथे झिओलाइट हे दगडाच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज शोधा, ते मिळेल.