बार्बाडोसला धमाल सुट्टी ठरवताना: आधी किनारा, मग खोली

दिवाळी उरकली आणि न्यू जर्सीत पहिली थंडी पडली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "कॅरिबियनला जाऊ म्हणतोय. नुसतं वाळूत लोळायचं नाही, जरा धमाल हवी. कुठलं बेट?" मी बार्बाडोस सांगते, आणि पुढची सगळी टेप दर वेळी नव्याने लावते. आता लिहूनच ठेवते. पासपोर्ट, रजा, बजेट हे तुमचं तुम्ही बघालच.

तारखा

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा छान आणि भाव चढे. मला विचाराल तर एप्रिलची अखेर किंवा मे. गर्दी ओसरलेली असते, खोल्यांचे भाव उतरलेले असतात. अंगात सहनशक्ती असेल तर क्रॉप ओव्हरला जा. ऊसतोडणी संपल्याचा हा उत्सव. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ग्रँड कडूमेंटची मिरवणूक निघते: पिसांचे मुकुट, ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती. विसर्जनाच्या डीजेला नावं ठेवणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये.

मात्र १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आपला संघ याच बेटावर अडकून पडला होता, तो बेरिल वादळामुळे. या महिन्यांत जायचं तर रद्द केल्यावर पैसे परत मिळणारीच खोली घ्या आणि विमा काढा.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून बार्बाडोसला व्हिसा लागत नाही. एवढंच वाचून लोक तिकीट काढतात आणि वाटेत अडकतात. मुंबईहून निघून अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाणार असाल तर ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकिटाआधी वाचा, तिकिटानंतर नाही. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे, असलं स्वस्त तिकीट तर घेऊच नका. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये शिरणं आलं.

इथे अमेरिकेत नोकरीच्या, म्हणजे एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांसाठी वेगळं. पासपोर्टातल्या व्हिसाच्या स्टँपची मुदत संपली असेल तर जाऊ नका. "तीस दिवसांत परत आलं की चालतं" हे कुणीतरी सांगणारच. ती सवलत आपल्याला कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना मिळते, आपल्याला नाही.

किनारा

इथे जरा बसून वाचा, कारण सुट्टी बनते किंवा बिघडते ती याच पायरीवर. माझी पहिली बिघडली होती.

बार्बाडोस म्हणजे जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद बेट. त्यामुळे नकाशा बघून वाटतं, कुठेही राहा, काय फरक पडतो? मलाही तसंच वाटलं. बॅथशीबाला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर, टेकडीवर एक घर सापडलं. समोर समुद्र, पाण्यात उभे भलेमोठे खडक, आणि भाडं दक्षिणेतल्या खोलीच्या निम्मं. आम्ही चौघं आणि नाशिकहून आलेले मावशी-काका. मी स्वतःवर खूश होते.

पहिल्या सकाळी पोरं टॉवेल घेऊन खाली पळाली. वाळूत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने हात आडवा केला. लाटा माणसाच्या उंचीच्या, आणि पाणी मागे जाताना घोट्याखालची वाळू खेचून नेत होतं. त्या जागेला 'सूप बोल' म्हणतात आणि जगभरचे सर्फिंगवाले तिथे येतात. पोहायला कुणी येत नाही. त्यात शेवाळ: सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ वाळूवर गुडघाभर साचलेलं, कुजलेल्या अंड्यांचा वास. मावशी व्हरांड्यात बसून म्हणाली, "पाण्यात न उतरता समुद्र बघायचा होता तर गणपतीपुळं काय वाईट होतं गं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. रात्री तर आणखी मजा. सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि मग तिथे बेडकांखेरीज कुणी बोलत नाही. धमाल पाऊण तास लांब, दक्षिणेला. एका शुक्रवारी गेलो खरं, पण परतीच्या टॅक्सीत घरभाड्यात वाचवलेल्यातले बरेच पैसे गेले.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. हे बेट बाकीच्या रांगेपासून सुटं, पूर्वेला अटलांटिकात पुढे आलेलं आहे. वारा बाराही महिने पूर्वेकडून वाहतो, आणि तिथून आफ्रिकेपर्यंत मध्ये एकही आडोसा नाही. लाटा, वारा, शेवाळ, सगळं आधी पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतं. पश्चिम किनारा बेटाच्या पाठीमागे लपलेला, म्हणून तिथलं पाणी तळ्यासारखं. दक्षिण या दोघांच्या मधली: लाटा आहेत, पण पोहता येतं.

तेव्हा माझा निकाल ऐका. पूर्व किनारा एका दिवसाच्या सहलीला, राहायला नाही. पश्चिम किनारा सुंदर, पण तिथे श्रीमंतांचे बंगले आणि नऊला झोपणारी माणसं. होलटाउनच्या दोन गल्ल्या सोडल्या तर संध्याकाळी हालचाल नाही. सासू-सासरे आणि लहान बाळ असेल तर तिकडे जा. धमाल हवी असेल तर दक्षिणेला, रॉकलीपासून ऑइस्टिन्सपर्यंतचा पट्टा, आणि यावर मी वाद घालत नाही. ऑइस्टिन्स ओलांडून सिल्व्हर सँड्सला जाऊ नका. तिथे वारा इतका की पतंगाला लटकून लाटांवर पळणारे लोक येतात. तुमची छत्री उडेल.

पट्टा ठरला तरी काम संपलं नाही. सेंट लॉरेन्स गॅप नावाचा एक वळणदार रस्ता आहे, बार आणि हॉटेलांनी भरलेला. लोक म्हणतात गॅपमध्येच राहा. मी म्हणते, गॅपपासून दहा मिनिटं चालत राहा. एकदा ऐन गॅपमध्ये खोली घेतली होती. संगीताचा धडधडाट असा की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं, पहाटे तीनपर्यंत. मागच्या गल्लीतली खोली शोधा. घरमालकाला पाठवायचे प्रश्न दोनच: समुद्रापर्यंत चालत किती मिनिटं, आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? 'समुद्रदर्शन' या शब्दावर पैसे घालू नका. समुद्र बाहेर फुकट आहे, आणि बार्बाडोसमधला प्रत्येक किनारा सार्वजनिक आहे. हॉटेलसमोरच्या वाळूवर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. खुर्ची मात्र त्यांची.

आणि हो, मनगटावर पट्टी बांधून सगळं खाणंपिणं आत देणारं रिसॉर्ट घेऊ नका. पैसे भरलेत म्हणून तुम्ही तीन वेळा तिथेच जेवाल, आणि बेट बघाल ते विमानतळावरून येताना.

आठवडा बसवा

मुक्कामात एक शुक्रवार आलाच पाहिजे. मंगळवार ते सोमवार हे माझं आवडतं गणित. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळीबाजाराशेजारी फिश फ्राय असतो. सातच्या आत पोचा, नाहीतर बाकड्यासाठी उभं राहावं लागतं. पत्र्याच्या टपऱ्या, जाळीवर मार्लिन आणि टूना, धुराने डोळे चुरचुरतात. पाटीवर 'डॉल्फिन' दिसलं तर दचकू नका. ते माही-माही माशाचं तिथलं नाव. आमची नेहमीची बाई मासा उलथताना गिऱ्हाइकाकडे बघतही नाही. जास्त तिखट मागितलं की न बोलता पिवळ्या मिरची सॉसची बाटलीच पुढे सरकवते. तो सॉस थेंबाने घ्या. कोल्हापूरच्या माझ्या दिराने चमचाभर घेतला होता. मग बराच वेळ तो समुद्राकडे बघत बसला. नऊनंतर एका कोपऱ्यात तरुण पोरांचा सोका, म्हणजे तिकडचं नाचाचं संगीत, वाजतो आणि दुसऱ्या टोकाला जुन्या गाण्यांवर पांढऱ्या केसांची जोडपी हात धरून संथ नाचतात. आम्ही हल्ली या टोकाला बसतो.

शनिवारी उशिरा उठा. एक सकाळ कार्लाइल बेसाठी राखा: राजधानी ब्रिजटाउनलगतचा शांत उपसागर, तळाशी बुडालेली जहाजं, वर पोहणारी कासवं. बोटवाले मागे लागतील, पण जवळच्या जहाजांपर्यंत पोहता येत असेल तर मास्क लावून आठच्या आत स्वतःच उतरा. कासवांना हात लावू नका. एक दुपार केन्सिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाला. सूर्यकुमारने झेल घेतला ती सीमारेषा बघायला सगळे जातात. माझा नवरा मात्र १९९७ च्या कसोटीचं दुःख काढतो: १२० करायच्या होत्या, ८१ वर सर्वबाद. बाकीच्या दिवसांचं काही ठरवू नका. काहीही न करता गप्पा छाटत बसण्याला तिथे 'लायमिंग' म्हणतात आणि ते रमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर चांगलं जमतं.

ये-जा

गाडी एकाच दिवसापुरती घ्या, पूर्व किनाऱ्यासाठी. डाव्या बाजूने चालवतात, भारतात शिकलेल्यांना सोपं. एरवी झेड-आर. म्हणजे आपलं वडापच: पांढरी व्हॅन, तांबडा पट्टा, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि भरली असं वाटल्यावर आणखी तिघं. साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही उतरा. दक्षिण पट्ट्याला ११ नंबर. टॅक्सीला मीटर नसतो, आधी भाव ठरवा आणि कुठला डॉलर तेही विचारा. तिथले दोन म्हणजे अमेरिकेचा एक. "चाळीस" ऐकून मी एकदा मुकाट्याने दुप्पट दिले होते.

खाणं

माशांची चिंता नाही. कुकू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेली उकड, वर उडत्या माशाचं कालवण. मालवणी माणूस दोनदा घेतो. भाजलेला ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. शाकाहाऱ्यांनी रोटीची दुकानं धरावीत, चणे-बटाट्याची रोटी मागावी. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, जिकडेतिकडे मिळतो, तिसऱ्या दिवशी नकोसा होतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

सामान

मिलिटरीच्या गणवेशासारख्या हिरव्या-तपकिरी नक्षीचे (कॅमोफ्लाज) कपडे घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते घालणं हा गुन्हा आहे, पोरांच्या चड्डीलाही सूट नाही. किनाऱ्यावर ज्या झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा दिसेल, त्याच्या सावलीत बसू नका, पावसात तर मुळीच नाही. ते मँचिनील, त्याच्या चिकाने कातडी भाजते आणि हिरव्या सफरचंदासारखं फळ विषारी असतं. मुलांना हे पहिल्याच दिवशी झाड दाखवून सांगा.

परतीचं विमान दुपारचं घ्या. ऑइस्टिन्सहून विमानतळ पंधरा मिनिटांवर आहे. सकाळी शेजारच्या मायामी बीचवर एक डुबकी मारता येते, आणि ओले कपडे ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी वर ठेवलेली असली की झालं.