ऑलिम्पिक नाही गं मावशी, कॉलेज! : एका जिम्नॅस्टच्या आईचा अनुभव

जिम्नॅस्टिक करणारी माझी लेक सहा वर्षांची असल्यापासून साताऱ्याची माझी मावशी फोनवर एकच विचारायची, "काय गं, ऑलिम्पिकला कधी?" आणि मी दर वेळी सांगायचे, ऑलिम्पिक नाही गं मावशी, कॉलेज. त्यावर "हां हां, शिक्षण पण हवंच" म्हणायची, म्हणजे तिच्या डोक्यावरून गेलेलं असायचं. तिला तरी काय बोलायचं, मलाच ते कळायला सात-आठ वर्षं लागली. आता पोर एप्रिल २०२५ मध्ये शेवटची मीट, म्हणजे स्पर्धा, खेळून मोकळी झाली, आणि इकडे डॅलसच्या आसपास नवीन आलेल्या आपल्या लोकांच्या मुली जिममध्ये दिसायला लागल्यात, त्यांच्या आया मला पार्किंगमध्ये गाठतात, तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

हिशोब सरळ आहे. पॅरिसला अमेरिकेच्या मुलींच्या टीममध्ये जागा होत्या पाच. कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते, तिच्या सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनच्या कॉलेजांत, मुलींच्या टीम साठच्या आसपास आणि एकेका टीममध्ये पंधरा-वीस मुली. म्हणजे जिममधल्या शेकडो पोरींचं खरं ठिकाण कॉलेज आहे, आणि ऑलिम्पिक हुकलं म्हणून तिकडे गेली असलं काही नसतं. उलट आता ऑलिम्पिकवालेच कॉलेजात येतात, सुनी ली टोकियोला ऑल-अराउंड, म्हणजे सगळ्या प्रकारांत मिळून, गोल्ड घेऊन आली आणि त्याच वर्षी ऑबर्न युनिव्हर्सिटीत शिकायला गेली.

आपल्या लोकांना मी नेहमी मोहिनी भारद्वाजचं सांगते. वडील भारतीय, आई रशियन, जन्म फिलाडेल्फियाचा. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या टीममधून २००० आणि २००१ अशी लागोपाठ दोन एनसीएए टायटल जिंकली, मग खेळ सोडला, नोकऱ्या केल्या, आणि परत यावंसं वाटलं तेव्हा पैसेच नव्हते. हॉलिवूडच्या पामेला अँडरसनने २० हजार डॉलर दिले तेव्हा ट्रेनिंग नीट सुरू झालं. २००४ ला अथेन्समध्ये पंचविसाव्या वर्षी टीमची कॅप्टन आणि सिल्व्हर मेडल. म्हणजे बघा, कॉलेज आधी झालं आणि ऑलिम्पिक नंतर. मुलग्यांच्या आईबाबांनी मात्र आधीच जाणून असावं की मुलांच्या टीम फारच कमी उरल्यात, एनसीएएत जेमतेम पंधराएक. तरी त्यातूनच पेन स्टेटचा स्टीफन नेडोरॉसिक निघाला, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करत करत दोन वेळा पॉमेल हॉर्सचा (मुठी बसवलेल्या घोड्यावर हातांवर फिरायचा प्रकार) एनसीएए चॅम्पियन, आणि पॅरिसला चष्मा काढून ठेवून दोन ब्राँझ घेऊन गेला तोच.

आता खरा मुद्दा, जो मला फार उशिरा कळला. इथे लेव्हल १ ते १० असतात, त्याच्या वर एलीट. कॉलेजचे कोच बहुतेक मुली लेव्हल १० मधूनच उचलतात. आणि कॉलेजात अजूनही जुनी १० पैकी मार्कांची पद्धत आहे, ऑलिम्पिकसारखी अवघडपणाला वेगळे मार्क देणारी नाही. मूळ ९.४ धरतात आणि कनेक्शन (स्किल एकाला एक जोडणं), अवघड स्किल वगैरेंचा बोनस ०.६ पर्यंत, झाले १०. एकदा का १० ची बेरीज जमली की त्यापुढे कितीही अवघड करा, एक पैसा जास्त मिळत नाही, फक्त कापलं जातं. लँडिंगला छोटं पाऊल सरकलं, काप. गुडघा वाकला, काप. पडली तर सरळ अर्धा मार्क.

आमच्या घरी व्हॉल्टवरून, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीवरून, दोन वर्षं रामायण झालं. युर्चेंको फुल म्हणजे उलटं टेबलावर जाऊन वर हवेत एक पूर्ण गिरकी, ते तिला झोपेतही जमायचं. पण २०१६ पासून कॉलेजात त्याची सुरुवातच ९.९५ पासून होते, पूर्ण १० हवे तर गिरकी दीड हवी. झालं, मॅडमनी दीड धरली. दोन वर्षं घोटे सुजवून घेतले, दर शनिवारी एक्स-रे काढायला जायचं का यावर आमची भांडणं. आणि कॉलेजात पोचल्यावर पहिल्याच महिन्यात कोच म्हणाली, बाळा तुझी दीड ९.७ येते, फुल ९.८५ येतं, मला फुल दे. तर नवीन लोकांनो, अवघड स्किलच्या मागे पोरीला पिळू नका, पाय जुळलेले, पंजे ताणलेले आणि लँडिंग चिकटलेलं एवढं बघा. यूसीएलएच्या केटलिन ओहाशीचा २०१९ चा तो फ्लोरवरचा, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीचा, १० सगळ्या जगाने पाहिला. हीच मुलगी २०१३ च्या अमेरिकन कपला सिमोन बाइल्सच्या पुढे आली होती, मग पाठ आणि खांदा गेला, आणि कॉलेजात येऊन ती परत हसायला लागली. आम्ही तो व्हिडिओ किती वेळा लावला असेल, मोजलं नाही.

हातांबद्दल सांगायचं राहिलंच. मी लहानपणी दादरला समर्थ व्यायाम मंदिरात दोरीचा मल्लखांब केलाय, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरीने सालं निघायची, त्यामुळे मला वाटायचं मला सगळं माहितीय. पहिल्यांदा बार्सवर, म्हणजे लटकून झोके घ्यायच्या दांड्यांवर, लेकीच्या तळहाताची कातडी नाण्याएवढी उचकटली, इथे त्याला रिप म्हणतात, तर मी हळद घेऊन धावले. दुसऱ्या दिवशी तळहातावर बांधायच्या ग्रिप पिवळ्या, हाताला लावायच्या चॉक पावडरीचा डबा पिवळा, कोचने माझ्याकडे असं पाहिलं की बास. नेलकटरने लोंबणारी कातडी कापायची, साबणाने धुवायचं, डोळ्यातून पाणी येतंच, रात्री व्हॅसलीन लावून हातात जुना मोजा. आणि रिप होऊ नये म्हणून घट्टे आधीच घासून सपाट ठेवायचे, हे तिने स्वतः दर रविवारी टीव्ही बघत करायचं, आईने नाही.

रिक्रूटिंग, म्हणजे कॉलेजच्या कोचनी टीमसाठी मुली निवडणं. ती दहावीत असताना आम्ही चाळीसेक कोचना व्हिडिओ आणि ईमेल पाठवले, आणि एकाचंही उत्तर नाही. नवरा म्हणाला काय माजोरडे लोक आहेत, मी म्हटलं आपल्या आडनावाचा उच्चार येत नसेल. नंतर कळलं की त्याच वर्षी, २०१९ ला, नियम आला होता, दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनचे कोच मुलीशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाहीत. त्याआधी आठवी-नववीतल्या पोरी तोंडी कमिट होऊन बसायच्या, म्हणून तो आणला. पण ते ईमेल वाचत असतात बरं का, नावं लिहून ठेवतात. १५ जूनला आमच्याकडे तीन फोन आले. तीनच. जिममधल्या तिच्या मैत्रिणीला अकरा. त्या रात्री पोर न जेवता झोपली आणि मी उगाच फ्रिज साफ करत बसले.

मग कोविड आला, कॉलेज भेटी बंद, त्यात २०२१ चा सीझन खेळलेल्या सगळ्यांना एनसीएएने एक वर्ष जादा दिलं, म्हणजे सिनिअर मुली जागा अडवून तिथेच. तेव्हा प्रत्येक टीमला १२ स्कॉलरशिप असायच्या, पूर्णच, अर्धीमुर्धी भानगड नाही. आमच्या वाट्याला आली वॉक-ऑनची जागा, म्हणजे टीममध्ये घेतो पण पैसे नाहीत. २०२५-२६ पासून तेही बदललं, नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांत टीमच २० मुलींची, स्कॉलरशिप कोच हवी तशी वाटणार, त्यामुळे वॉक-ऑनला घेतानाही आता दहादा विचार करतात. हे तुमच्या कोचना स्पष्ट विचारा, लाजू नका.

आपल्याकडे एक गोड गैरसमज असतो की जिम्नॅस्टिकवर आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या नामांकित कॉलेजांत, फुकट शिक्षण होईल. आयव्ही लीग खेळाची स्कॉलरशिप देतच नाही, आणि टीम फक्त ब्राउन, कॉर्नेल, पेन आणि येल या चौघांकडे आहे. हार्वर्डचं स्वप्न असेल तर बीम, ती उंच अरुंद तुळई, विसरा. डिव्हिजन थ्रीलाही खेळाचे पैसे नसतात. आणि आठवीपर्यंत मार्क कसेही चालतील पण हायस्कूलचे १६ कोर विषय एनसीएएच्या यादीप्रमाणे लागतात, आमच्या ओळखीतल्या एकीचा ऑनलाइन गणिताचा कोर्स धरला नाही आणि उन्हाळाभर धावपळ झाली.

व्हिसाचं तर कोणी सांगतच नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिराती वगैरेचे पैसे घेता येतात, एनआयएल म्हणतात. पण मुलगी एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर कामाची परवानगी नाही, एकवीस पूर्ण झाले की एच-४ संपतो आणि एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यावा लागतो, त्यावर पण हे पैसे म्हणजे धोकाच. टीममधली एक मुलगी इन्स्टावर लिओटार्डच्या (खेळताना घालायच्या घट्ट पोशाखाच्या) जाहिराती करायची, आणि दुसरी, आपल्याकडचीच, वकिलाने सांगितलं म्हणून फुकट मिळालेला बूटसुद्धा परत करून आली. स्कॉलरशिपला अडचण नाही, ती नोकरी धरत नाहीत. कागदावर सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला शंभर-दोनशे डॉलर द्या.

कॉलेजात सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि एक दिवस सुट्टी. ऐकायला छान. ट्रेनरकडे बर्फ लावणं, प्रवास, ते या २० तासांत धरत नाहीत. जानेवारी ते एप्रिल दर वीकेंडला मीट, परतीच्या बसमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्री. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लोरवर उडी घेताना तिचं टाचेमागचं अकिलीस तुटलं. ती सांगते, मागून कोणी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कोणीच नाही. सीझन गेला. मी महिनाभर तिच्या अपार्टमेंटवर जाऊन खिचडी करत राहिले, आणि ती गादीवर बसून बाकीच्यांच्या रूटीनचे मार्क कापत राहिली. तिथेच तिला जजिंगचा नाद लागला.

जानेवारी २०२४ ला पहिल्यांदा बीमच्या लाइनअपमध्ये नाव लागलं, तेही पहिल्या नंबरवर. सहा जणी करतात, पाच जणींचे मार्क धरतात, त्यामुळे पहिलीच पडली तर मागच्या पाचही जणींच्या मानेवर सुरी. बीम १० सेंटीमीटर रुंद. माझ्या हातातली पॉपकॉर्नची पिशवी मी कधी चुरगळली कळलं नाही. फ्लिक, लेआउट, थोडा खांदा हलला, डिसमाउंट, पाय रुतले. ९.८००. मागच्या रांगेतला कोणीतरी अनोळखी आजोबा मला म्हणाले, युअर गर्ल?, आणि मी मराठीत हो म्हटलं.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. लॅरी नासरचं प्रकरण सगळ्यांना माहितीय, अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक टीमचा डॉक्टर होता, उपचाराच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार केले, २०१८ ला शिक्षा झाली आणि काही आया त्याच खोलीत बसलेल्या असायच्या. म्हणून मोठा माणूस आणि मुलगी एकटे, बंद दार, खासगी मेसेज, यातलं काहीही चालवून घ्यायचं नाही, कोच कितीही मोठा असो. आणि वजनावरून बोलणारा कोच असेल तर जिम बदला. आम्ही एकदा बदललं, तासाभराचा ड्राइव्ह वाढला, परवडलं.

आता ती फिजिकल थेरपीच्या अॅडमिशनची तयारी करते आणि वीकेंडला छोट्या लेव्हलच्या मीट जज करते, पैसेही मिळतात. मावशीला परवा सांगितलं खेळ संपला, तर म्हणाली, "अगं मग ऑलिम्पिक?" इकडे मी सकाळी सूर्यनमस्कार घालत होते, ही कॉफी घेऊन दारात उभी, म्हणे आई, गुडघे वाकले, पॉइंट वन.