नऊ गुंठ्यांचे परसू

दापोली तालुक्यातल्या वडिलोपार्जित घराभोवती आमच्या वाट्याला आलेल्या नऊ गुंठ्यांत भाजीपाला, चार फळझाडे आणि कोंबड्या सांभाळत मला सहा वर्षे झाली. शहरातली नोकरी सोडून असे काही करू पाहणारे विचारतात, की एवढ्यात घराचे भागते का. भागत नाही. तांदूळ, तेल, साखर मी बाजारातूनच आणते. पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंतची बहुतेक भाजी, अंडी आणि वर्षभर पुरतील एवढे कडवे वाल मात्र घरचे असतात, आणि त्यात मी मनापासून समाधानी आहे.

ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांनी आधी एवढे जाणून घ्यावे, की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घराभोवतीची मोकळी जागा असेल, तरी सुरुवातीला ती पुरेशी आहे.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. पहिल्या वर्षी मी नऊच्या नऊ गुंठे खणले, आणि फेब्रुवारी संपताना विहिरीचा तळ दिसू लागला तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही. आता उन्हाळ्यात मी स्वयंपाकघराच्या मागच्या दोनच गुंठ्यांना शिंपण करते. मोरीचे पाणी अळू आणि केळीकडे वळवले आहे. वाल शेजाऱ्यांच्या भात कापलेल्या खाचरात अर्धेलीने होतात, कारण जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर वाढणाऱ्या या पिकाला वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मांडवावरची कोवळी पडवळे एकामागून एक पिवळी पडून गळू लागली. एक चिरून पाहिले, तर आत फळमाशीच्या अळ्या वळवळत होत्या. मी सापळे लावले होते, पण त्यांत आंब्याच्या फळमाशीसाठीचे मिथिल युजेनॉल हे आमिष होते. काकडीवर्गीय वेलींवरच्या माशीला क्यू-ल्यूर हे वेगळे आमिष लागते, हे मला कृषी विद्यापीठातल्या एका जाणकाराने सांगितले. तेव्हापासून योग्य सापळा लावते, गळलेले प्रत्येक फळ उचलून नष्ट करते (अळ्या मातीत शिरून कोष करतात, म्हणून हे टाळून चालत नाही) आणि जी फळे धरतात त्यांच्या टोकाला सुतळीने लहान दगड बांधते. सकाळी मांडवाखाली वाकून शिरावे, दवाने ओले झालेले, पांढऱ्या रेघांचे सरळ लोंबणारे पडवळ हाताने तोलून पाहावे आणि दगड सोडवून ते तोडावे, यात मला जो आनंद होतो तो मोठ्या बागेत मिळाला असता असे वाटत नाही, कारण तिथे प्रत्येक फळाला हात लावणे मला जमले नसते.

कोंबड्यांच्या बाबतीत अजून कमीच पडते. एकवीस दिवस खुडूक बसलेल्या कोंबडीने गेल्या वर्षी अकरा पिल्ले काढली आणि आठवड्याभरात चार मुंगसाने भरदिवसा नेली. त्या दिवसांत मला फार वाईट वाटले. आता पिल्ले महिनाभर डालग्याखाली ठेवते, जवळ माणूस असेल तेव्हाच मोकळी सोडते, आणि तरीही एखादे जाते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी एका गुंठ्याहून जास्त जागा हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला वाफा लाल माठाचा करावा. पंचवीस-तीस दिवसांत तो ताटात येतो आणि मुळासकट उपटताना आपल्या मातीत ओल किती खोल आहे हेही कळते. जो भाग पिकवणे झेपत नाही तो गवताला सोडावा, तेच कापून आळ्यांत आच्छादन घालता येते. आमच्या पूर्वेकडचा गडगा सहा वर्षांत अर्धाच रचून झाला आहे. उरलेल्या भागात मी मेंदी लावली असून या पावसात ती कमरेएवढी झाली आहे.