मृगाच्या शेपटातला धूर: लग्नाच्या जुन्या कॅमेऱ्याने तेजोमेघाचा फोटो कसा काढायचा

स्टुडिओच्या काउंटरमागे बारा बाय अठराचा एक फोटो लावलाय. काळ्या पाटीवर गुलाबी धुराचा लोट, मधे पांढरा झोत, वरच्या अंगाला थोडं निळं. परवा अल्बम न्यायला आलेल्या एका मामांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "हे कुठल्या हॉलमधलं हो? धुराचं मशीन भारी होतं."

मामा, तो हॉल इथून साधारण तेराशे प्रकाशवर्षं लांब आहे.

गेली अकरा वर्षं मी जुन्नरला लग्नांचे फोटो काढतो. हा फोटोही लग्नातून निवृत्त झालेल्या कॅननच्या ७००डी वर काढलाय. दुर्बीण नाही, आकाशाबरोबर फिरणारं यंत्र नाही. ज्यांच्या कपाटात असा जुना डीएसएलआर धूळ खात पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हा तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग, दिसतो कुठे ते सांगतो. मृग नक्षत्र सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्याकडे "मृग लागला" म्हणतात ते जूनमध्ये. तेव्हा सूर्यच तिथे असतो, त्यामुळे मृग दिसायचा प्रश्नच नाही. तो बघायचा थंडीत. चार कोपऱ्यांना हरणाचे चार पाय, त्यातला एक तांबूस काक्षी, समोरचा निळसर पांढरा राजन्य. पोटात एका ओळीत तीन तारे, तो व्याधाचा बाण. बाणाची रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे रोहिणी. बाणाच्या खाली लोंबतात ते तीन फिकट ठिपके, आमची आजी त्याला हरणाचं शेपूट म्हणायची. त्यातला मधला ठिपका नीट बघा. बाकीच्यांसारखा टोकदार दिसत नाही, कुणी बोटाने पुसल्यासारखा दिसतो. तोच आपला तेजोमेघ, मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला एम ४२.

लोकांना वाटतं तो बारीक आहे म्हणून दुर्बीण लागते. फोटोत तो एक अंशाच्या आसपास पसरतो, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढा. अडचण त्याच्या आकाराची नाही, अंधुकपणाची आहे. म्हणून झूमपेक्षा उजेड गोळा करणारी लेन्स आणि धीर जास्त कामाला येतो.

वेळेचं गणित सोपं आहे. डिसेंबरच्या मध्यावर मृग रात्री साडेबाराच्या सुमाराला सगळ्यात वर येतो, जानेवारीच्या मध्यावर साडेदहाला, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठलाच. जुन्नरहून तो दक्षिणेला पासष्ट अंश वर चढतो. लंडनवाल्यांना जेमतेम तेहतीस मिळतात. नेमका हाच लग्नाचा सीझन, पण अमावास्येच्या मागच्यापुढच्या चार-पाच रात्रींतली एखादी मोकळी सापडतेच. भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेला मात्र चुकूनही जाऊ नका: महिन्याला ते नाव पडलंय तेच मुळी त्या रात्री चंद्र मृगशीर्षाजवळ असतो म्हणून.

आता जागा. मी जातो मेहुण्याच्या शेतावर, आणे पठारावर. नारायणगाव-आळेफाट्याचा उजेड पश्चिमेला मागे राहतो, पारनेरच्या बाजूला काळोख. पण आमच्या तालुक्यात आकाशाआधी जमिनीकडे बघावं लागतं. बिबट्या आहे. उसाच्या कडेला तिपाई लावून अंधारात वाकून बसणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. एकट्याने जायचं नाही, बसायचं ते घराच्या स्लॅबवर, आणि अधूनमधून मोठ्याने बोलायचं. स्लॅबचा एक तोटा आहे: कुणी चाललं की फ्रेम हलते. त्यामुळे आमच्यात नियम आहे, कॅमेरा चालू असताना चहा मागायचा नाही.

दुसरा त्रास विजेचा. शेतीची लाइट रात्री येते. पहिल्या वर्षी साडेअकराला लाइट आली, पंपाशेजारचा बल्ब पेटला आणि मेहुणा "झालं का रे दाजी?" म्हणत बॅटरी थेट लेन्समध्ये मारत वर आला. चाळीस फ्रेम गेल्या. आता बल्ब आधीच काढून ठेवतो आणि बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावतो. लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.

लेन्सला सुरुवात ५० मिमीपासून करा, ती एफ/१.८ वाली स्वस्त प्राइम (झूम नसलेली). पूर्ण उघडी ठेवली तर कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून एफ/२.८. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरवर पडलं तसं कच्चं चित्र, जेपेग नको. मेन्यूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटून बसतो. शटर चार सेकंद.

चारच का? पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सेकंदाला पंधरा विकला सरकतात (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने एका पिक्सेलमध्ये साधारण अठरा विकला मावतात. चार सेकंदांत तारा तीन-साडेतीन पिक्सेल सरकतो, तेवढं डोळ्याला खपतं. दहा सेकंद ठेवलेत तर ठिपक्यांच्या शेवया होतात. लेन्स जितकी लांब तितकं शटर कमी: २०० मिमीला एकच सेकंद.

फोकस हा खरा परीक्षेचा पेपर. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. एकशे ऐंशी फ्रेम काढून घरी आलो, कॉम्प्युटरवर उघडल्या, तर प्रत्येक तारा साबुदाण्याएवढा. लेन्स मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यू चालू करा, व्याध पडद्याच्या मधे आणा आणि दहा पटीने मोठा करा. मग रिंग अगदी केसभर फिरवा. ठिपका लहान होत जातो, सगळ्यात लहान होतो आणि पुन्हा फुगायला लागतो. एकदा पलीकडे जाऊन परत या, म्हणजे तळ कुठे आहे ते बोटांना कळतं. तिथे रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. तासाभराने पुन्हा तपासा, थंडीने फोकस थोडा सरकतो.

मग मृगाकडे वळा, शेपूट चौकटीच्या मधे घ्या, कंटिन्युअस मोड लावा आणि वायरच्या रिमोटचं बटण दाबून अडकवा. दोनशे फ्रेम. दर पन्नासला थांबून चौकट पुन्हा मधे आणा. एक फ्रेम मोठी करून बघा: तारे गोल आहेत ना, काचेवर दव नाही ना? डिसेंबरात पठारावर मध्यरात्रीनंतर दव असं पडतं की लेन्स घामेजते आणि तुम्हाला कळतही नाही. हूड लावा. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, त्यातली एक लेन्सभोवती सुती मोज्यात गुंडाळा. फडक्याने काच पुसत बसू नका, डाग फोटोत येतो.

सगळं झालं की गाशा गुंडाळायची घाई करू नका. लेन्सला झाकण घालून त्याच सेटिंगवर तीस फ्रेम घ्या, पूर्ण काळ्या. या डार्क. सेन्सरचे गरम पिक्सेल त्यात पकडले जातात आणि नंतर वजा होतात. सकाळी, फोकस न हलवता आणि एफ/२.८ तसंच ठेवून, लेन्सवर पांढरं सुती धोतर दुपदरी ताणून उजळ आकाशाकडे तीस फ्रेम. या फ्लॅट. कोपऱ्यांतला काळेपणा आणि धुळीचे डाग याने जातात. धोतर सासऱ्यांचं आहे. कशाला नेतो हे त्यांना अजून पटलेलं नाही.

इतका खटाटोप कशाला, एकच फोटो नीट का नाही येत? चार सेकंदांच्या एका फ्रेममध्ये उजेड थोडा आणि दाणे (नॉइज) फार. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतात, तेजोमेघ मात्र तिथेच असतो. दोनशे फ्रेम ताऱ्यांवर तारे बसवून सरासरी काढली की दाणे एकमेकांना खाऊन टाकतात आणि चित्र साधारण चौदा पट स्वच्छ होतं, दोनशेचं वर्गमूळ. एकूण उजेड तेरा मिनिटं वीस सेकंदांचा.

या तेजोमेघाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० ला अमेरिकेत हेन्री ड्रेपरने काढला. शिक्षणाने डॉक्टर. अकरा इंची दुर्बिणीवर प्लेट लावून एक्कावन्न मिनिटं उघडी ठेवली होती त्याने, आणि दुर्बीण घड्याळी यंत्राने आकाशामागे फिरत होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ईलिंगच्या आपल्या परसात अँड्र्यू कॉमन या माणसाने सदतीस मिनिटांत त्याहून सरस फोटो काढला. डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले होते. याचा पोटापाण्याचा धंदा काय, तर सांडपाणी-नळाच्या कामाची इंजिनिअरिंग. डॉक्टर आणि ड्रेनेजवाला असली कामं करत होते, मग लग्नाच्या फोटोग्राफरने का लाजायचं?

फ्रेम जोडायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट. मी डीपस्कायस्टॅकरमध्ये फ्रेम, डार्क आणि फ्लॅट आपापल्या खान्यात टाकतो, बटण दाबतो आणि झोपायला जातो. रॉ फाइली पाच-सहा जीबीच्या आसपास होतात, जुना लॅपटॉप कण्हतो. निघालेली टिफ फाइल पहिल्यांदा बघाल तेव्हा पोटात गोळा येईल: करडं, मेलेलं, काहीच नाही. घाबरू नका, सगळं आत आहे. सिरिलमधून बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने गावांच्या उजेडाचा पिवळट थर काढा, मग गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह्‌जचा अंधाराकडचा भाग हळूहळू उचला. एका फटक्यात नको, पाच-सहा वेळा थोडा थोडा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला काळ्यातून गुलाबी पंख बाहेर येतात. लहानपणी जुन्या स्टुडिओत लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर चेहरा उमटताना बघितला होता, तसंच वाटतं.

इथेच हात आवरायचा. आकाश ठार काळं करू नका, बाहेरची पातळ झालर त्यात मरते. मधला भाग पांढराफटक होईलच. वाटलं तर एकेक सेकंदाच्या तीस फ्रेम वेगळ्या जोडून तेवढाच तुकडा वर बसवा. तिथे चार तरुण ताऱ्यांची चौकडी आहे, ट्रॅपेझियम म्हणतात, ५० मिमीत ती सुटी दिसत नाही. सगळा पसारा त्या चौघांचा, त्यातही एकाचा जास्त: त्याच्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा हायड्रोजन पेटतो आणि ६५६ नॅनोमीटरचा तांबडा उजेड देतो. मधल्या भागात ऑक्सिजनचा हिरवट निळा मिसळतो. वरचं निळं म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा उजेड.

म्हणजे रंग मी भरलेले नाहीत. गिऱ्हाइकं हमखास विचारतात, "हे फोटोशॉप ना?" डोळ्याला तो करडा दिसतो, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यातला रंग ओळखणारा भाग कामच करत नाही. कॅमेऱ्याला ती अडचण नाही. उलट आपल्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्या तांबड्याचा बराच भाग अडवतो, त्यामुळे खरा तेजोमेघ माझ्या फोटोपेक्षा जास्तच तांबडा आहे. हबल या अवकाश दुर्बिणीच्या फोटोतले सोनेरी-निळे खांब बघून तसे रंग ओढायला जाऊ नका. तिथे गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजनच्या उजेडाला मुद्दाम वेगवेगळे रंग वाटून दिलेले असतात. त्यांच्या कामाला ते बरोबर आहे. आपण वधूच्या शालूचा रंग बदलतो का?

भिंतीवरचा फोटो तिसऱ्या वर्षीचा, लग्नातल्या ७०-२०० लेन्सने काढलेला: २०० मिमी, एफ/२.८, आयएसओ ३२००, एक सेकंदाच्या नऊशे फ्रेम, दोन रात्री मिळून. सुरुवातीला ५० मिमीत तेजोमेघ जेमतेम दोनशे पिक्सेल रुंद येतो. पण चौकट थोडी वर घेतली की त्यात बाण, काक्षी, राजन्य सगळं मावतं, आणि बाणाच्या डाव्या टोकाच्या ताऱ्याला चिकटून एक बारीकशी ज्योत दिसली, तर तोही तेजोमेघच.

प्रिंट मॅट कागदावर काढा, ग्लॉसीवर काळ्या भागात ट्यूबलाइट दिसते. आणि स्क्रीनवर बरोबर वाटतो त्यापेक्षा थोडा उजळ करून पाठवा. माझी पहिली प्रिंट इतकी काळी आली की लॅबवाल्याने फोन करून विचारलं, "दादा, फ्लॅश उडाला नव्हता का?"